कडूबाईचे बारा पत्रे

मे अर्धा सरला की पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत दगड घरांवर चढू लागतात. वर्षभर नळाजवळ, पायरीशी, मोटारसायकलच्या चाकाला टेकण म्हणून पडलेले दगड एकेक करून शिडीवरून वर जातात आणि पत्र्यांवर ओळीनं बसतात. त्यांच्या जोडीला फुटकी कुंडी, मोडका पाटा, जुने टायर, एका घरावर तर बंद पडलेला कूलर. वळवाचं वादळ यायच्या आत पत्रे दाबून टाकायचे, ही तिथली रीत. बापानं दाबले म्हणून मुलगा दाबतो. दरवर्षी चार-दोन पत्रे उडतात ते उडतातच, पण रीत सोडायची नाही.

त्या वर्षी एकटी कडूबाई हिवराळे उलटं करत होती. रविवारी सकाळी सात वाजता ती आपल्या पिठाच्या गिरणीच्या शेडवर चढली आणि वरचे दगड खाली टाकू लागली. धाड. धाड. सगळी गल्ली चहाचे कप घेऊन दारात आली.

कडूबाई साठीला टेकलेली. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईनं मुद्दाम कडू नाव ठेवलं होतं, यमानं तोंडात घातलंच तर थुंकून टाकावं म्हणून. यमाचं माहीत नाही, पण गल्लीतल्या पुष्कळांना ती कडूच लागायची. बाई खरं बोलायची आणि मोठ्यानं बोलायची. यातली एक खोड लोक चालवून घेतात, दोन्ही एकदम कोणाला झेपतात?

समोरच्या दुमजली घराचं फाटक वाजलं आणि अप्पाराव बाहेर आले. अप्पाराव म्हणजे गल्लीचे स्वयंभू अध्यक्ष. लासूर स्टेशनकडं बागायती जमीन, इथं दुमजली घर, गच्चीवर पत्र्याची खोली आणि बगलेत कायम एक फाइल. त्यांना कोणी निवडून दिल्याचं कोणाला आठवत नाही, पण फाइल असलेल्या माणसाला आपल्याकडं जाब विचारतं कोण!

"कडूबाई, दगड कामून काढायलीस? डोकं फिरलं का तुझं? मागच्या साली तुझा पत्रा उडून माझ्या गाडीची काच फुटली. इसरलीस व्हय?"

ती विसरली नव्हती, तेच तर दुखणं होतं. मागच्या मे महिन्यात तिच्या शेडचा एक पत्रा दगडांसकट उठला आणि अप्पारावांच्या नव्या गाडीवर जाऊन आदळला. कडूबाईनं दुसऱ्याच दिवशी काच बसवून दिली, पण तेवढ्यावर भागलं नाही. अप्पारावांनी यंदा अर्ज लिहिला, 'सदर गिरणीची शेड धोकादायक असून ती पावसाळ्यापूर्वी हटवण्यात यावी.' तेवीस घरांनी त्यावर सह्या केल्या. त्यांतल्या वीस घरांच्या पोळ्या तिच्याच गिरणीच्या पिठाच्या होत्या. अप्पारावांचं दळण मात्र स्कूटरवर बसून गारखेड्याला जायचं. तिथं पीठ बारीक येतं म्हणे. कडूबाईच्या गिरणीत बाबासाहेबांची तसबीर होती. ती तसबीर दिसली की काही लोकांना पीठ जाड लागतं, हे तिला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि एकदा ती ते अप्पारावांच्या तोंडावर बोललीही होती.

अर्ज अजून फायलीतच होता. सोमवारी वॉर्ड ऑफिसात द्यायचा, असं ठरलं होतं. नवरा बन्सी गेल्यावर कडूबाईनं त्या चक्कीवर मुलगी वाढवली, शिकवली, नर्स केली. आता विशाखा म्हणायची, "आई, बास कर. मी कमावते ना." कमवत होती, झकास कमवत होती. पण लेकीच्या घासावर आरामात बसणं वेगळं आणि तेवीस सह्यांनी गचांडी धरून उठवणं वेगळं. गिरणीवरून उठायचंच असेल तर कडूबाईला स्वतःच्या पायांनी उठायचं होतं, आणि तो दिवस अजून आला नव्हता.

"दगडानंच उडाला तो पत्रा," ती वरून म्हणाली. "वारा वरून दाबत नाय, अप्पाराव. खालून शिरतो अन् उचलतो. पत्रा दाबायचा नसतो, बांधायचा असतो."

"आता तू आम्हाला शिकवणार?"

"शिकवते की. फी नाय घेत."

चहा पिणाऱ्यांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं आणि अप्पारावांचे कान लाल झाले. त्यांनी फाइल वर धरली. "असं? मग ऐक. ह्या साली तुझा एक पत्रा जरी हलला ना..."

"तर सगळी शेड माझ्या हातानं उतरवीन," कडूबाईनं त्यांचं वाक्य तोंडातून काढून घेतलं. "तुमच्या अर्जाची गरजच नाय पडणार. पण तवर तो कागद फायलीतून बाहेर निघायचा नाय. बोला, हाय कबूल?"

तेवीस घरांसमोर अप्पाराव नाही कसं म्हणणार? "कबूल," ते म्हणाले आणि फाटक आपटून आत गेले.

कडूबाईचं हे शहाणपण पुस्तकातलं नव्हतं. तरुणपणी ती चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या शेड उभारणाऱ्या टोळीत बिगारी होती. डोक्यावर पत्रे वाहून मानेचे मणके झिजवले तेव्हा कुठं हे ज्ञान पदरात पडलं. टोळीचा फोरमन सांगायचा, वारा हा चोर असतो, तो छपरावर बसत नाही, छपराखाली घुसतो. म्हणून पत्रा लोखंडी हुकानं खालच्या अँगलला धरून ठेवायचा, वरून नट आवळायचा. त्यावर दगड ठेवला तर वारा पत्राही नेतो आणि दगडही. इतकं सगळं माहीत असून बाईनं इतकी वर्षं शेडवर दगडच ठेवले. का? तर बन्सी ठेवायचा, गल्ली ठेवायची, म्हणून. अप्पारावांचा राग तिला होताच, पण त्याहून मोठा राग स्वतःचा होता. जे आपल्याला येतं ते दुसऱ्यांच्या रीतीपायी गुंडाळून ठेवलं, याचा.

त्याच दुपारी ती रामकिसनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. त्यानं फळीवरून धूळ खाल्लेलं हुकांचं खोकं काढलं.

"आक्का, वादळ काय तुमच्या एकटीच्या घरी येणार हाय?" रामकिसन म्हणाला. "बाकी गल्लीत तर नुसती दगडं चढायलीत."

"दगड तू इकतोस व्हय?"

"नाय."

"मग गप हुक दे."

खोक्यात होते तेवढे सगळे हुक तिनं घेतले. आणखी हवे असतील तर माल शुक्रवारी येणार होता.

सोमवारपासून सकाळी काम सुरू झालं. शेडला बारा पत्रे. हुक लावायला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरच्यानं पत्र्याला भोक पाडून त्यातून हुक सोडायचा, खालच्यानं तो अँगलला अडकवून घट्ट धरायचा, मग वरच्यानं वायसर घालून नट आवळायचा. खालचा हात ढिला पडला की वरच्याची मेहनत पाण्यात. ड्यूटीला जायच्या आधी विशाखा खाली उभी राहायची, मान वर करून, डोळ्यांत गंज पडत असताना. "आई, ह्यापेक्षा सलाइन लावणं सोपं आहे," ती म्हणायची. चार सकाळी गेल्या. गल्लीतून येणारे-जाणारे टोमणे मारून जायचे, गिरणीला दागिने घालायलीस का गं, म्हणून. कडूबाई वरून म्हणायची, घालायली, तुम्हाला कामून पोटात दुखायलं?

गुरुवारी सकाळपर्यंत दहा पत्रे झाले, दोन उरले. खोक्यात चौदा हुक शिल्लक होते, दोन पत्र्यांना पुरतील एवढे. शुक्रवारी सकाळी ते उरकायचे, असं मायलेकींनी ठरवलं आणि विशाखा ड्यूटीला गेली. नेमका दुपारी एकला सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा आला. चार वाजल्यानंतर जिल्ह्यात विजांसह वादळी वारे, ताशी साठ किलोमीटर. कडूबाईनं बाहेर येऊन बघितलं तर शहराबाहेरच्या साताऱ्याच्या डोंगराकडं आभाळ काळंनिळं होऊन खाली उतरलं होतं आणि गल्लीत पान हलत नव्हतं. विशाखा रात्री आठला सुटणार होती. खालून हुक धरायला माणूस नव्हता.

तेवढ्यात समोरून मंजुषा आली. मंजुषा म्हणजे अप्पारावांची सून. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण रस्ता ओलांडून गिरणीत ती पहिल्यांदाच आली होती. येताना इकडंतिकडं बघितलं तिनं, पण आली.

"मावशी, एक काम होतं. मामंजी पैठणला साखरपुड्याला गेलेत, पाचपर्यंत येतील. मुलांना मी सुट्टी दिली. पण आमच्या खोलीचे पत्रे हातभर रस्त्यावर आलेत अन् मामंजींनी परवा आणखी दगड चढवले. वर जातं पण ठेवलंय."

"जातं?"

"आजेसासूबाईंचं. सगळ्यात जड तेच होतं ना."

कडूबाईला हसू फुटलं. गिरणीच्या समोरच्या घरात जात्याला शेवटी हे काम उरलं होतं. पण हसू ओठांवरच राहिलं. तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं होतं, मंजुषा म्हणत होती, वारा खालून उचलतो ते. मामंजींना सांगून बघितलं. ते म्हणाले, तिच्या नादी लागू नको.

खोटं कशाला बोला, कडूबाईच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते काही संतांना शोभणारं नव्हतं. उडू दे, तिला वाटलं. त्याचे पत्रे उडू दे, जातं खाली येऊ दे, सगळ्या गल्लीला दिसू दे कोण धोकादायक ते. तिचे दहा पत्रे बांधलेले होते. ही पोर समोर उभी होती, हिला खाली उभं करून उरलेले दोनही आवळून घेतले की पैज खिशात. तिनं रस्त्याकडं बघितलं. गच्चीच्या पत्र्याच्या बरोबर खाली दोन पोरी सायकल शिकत होत्या. जातं काही माणूस बघून पडणार नव्हतं, आणि ज्याच्यावर पडलं असतं त्याचं नाव अप्पाराव नक्कीच नसतं.

मंजुषाला बहुधा तिचं मन वाचता आलं. "आधी तुमचे दोन करू, मावशी. मी खालून धरते. वेळ उरला तर आमचं."

"वेळ उरायचा नाय अन् हुकबी उरायचे नायत," कडूबाई म्हणाली. "माझ्या पत्र्याखाली चक्की हाय. तुमच्याखाली रस्ता हाय. चल, उचल ती शिडी."

अप्पारावांच्या दिवाणखान्यातून जिन्याकडं जाताना ती मुद्दाम हळू चालली. वीस वर्षं समोर राहून हे घर तिनं आतून पाहिलं नव्हतं. सोफा बरा होता. मंजुषानं पाणी विचारलं तर म्हणाली, परत जाताना घेईन, आधी काम. वरचे दगड दोघींनी एकेक करून मागच्या अंगणात टाकले. जातं मात्र टाकता येईना. त्याची एक-एक दगडी तळी दोघींनी मिळून पायरी-पायरीवर टेकवत जिन्यानं खाली आणली आणि फाटकाजवळ ठेवली. मग कडूबाई वर, मंजुषा खोलीत बाकड्यावर. पहिल्या हुकाला पोरीचा हात सटकला, दुसऱ्याला बोट चिरलं, तिसऱ्यापासून ती विशाखाच्या वरताण धरू लागली. चौदावा नट आवळला तेव्हा वाऱ्याची पहिली झुळूक आली, गार आणि मातकट. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

घरी येऊन कडूबाईनं आपले उरलेले दोन पत्रे नायलॉनच्या दोरीनं अँगलला जखडले. दोरी म्हणजे दोरी. तिला काय होणार ते ठाऊक होतं.

साडेचारला वादळ आलं. आधी धूळ उठली, मग दिवे गेले, मग आवाज. गल्लीच्या टोकापासून पत्रे वाजत वाजत जवळ आले. कोणाचे टायर घरंगळले, कोणाच्या कुंड्या फुटल्या, कूलर तर वाजतगाजत खाली आला आणि नाल्यात बसला. कडूबाई चक्कीला पाठ लावून वर बघत उभी होती. दहा पत्रे थरथरत होते, जागचे हलत नव्हते. अकरावा फुगला, बसला, फुगला. दोरीचा एक पेड तुटला तसा तिनं खालून हात घालून पत्रा धरला. साठीच्या बाईचे हात ते, साठ किलोमीटरच्या वाऱ्याला किती पुरणार? पत्रा सुटला, उभा राहिला आणि निघून गेला. बाराव्याची दोरी तेवढी टिकली. वरून पाऊस सरळ तिच्या तोंडावर. तिनं शिवी दिली, वाऱ्याला की स्वतःला ते तिचं तिलाच माहीत. मग तिनं गोण्यांवर ताडपत्री ओढली आणि ओली होत उभी राहिली. समोर गच्चीवरची खोली मात्र जशीच्या तशी होती.

पाऊणएक तासात सगळं थांबलं. लोक बाहेर आले. गल्लीत सात घरांचे पत्रे गेले होते आणि ज्यानं-त्यानं आपापला दगड शोधायला सुरुवात केली होती. कडूबाईचा अकरावा पत्रा रस्त्याच्या मधोमध पालथा पडला होता. अप्पारावांची गाडी त्याच्यापुढं येऊन थांबली. ते खाली उतरले, साखरपुड्याचा फेटा अजून डोक्यावर.

"कडूबाई! हलला का नाय?"

"हलला," कडूबाई म्हणाली.

"मग?"

"मामंजी," फाटकातून मंजुषा म्हणाली, "आधी वर बघा. आपले पत्रे बघा."

अप्पारावांनी वर बघितलं. गच्चीवर एकही दगड नव्हता आणि एकही पत्रा हललेला नव्हता. मग त्यांना फाटकाजवळचं जातं दिसलं. मंजुषानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मावशींचे शेवटचे चौदा हुक आपल्या पत्र्यांना आहेत. ते त्यांच्या पत्र्यांना असते तर आज हा पत्रा रस्त्यात पडला नसता. शब्द एकही गिळला नाही तिनं.

अप्पारावांनी फेटा चाचपला. गल्ली त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी घसा साफ केला आणि अध्यक्षाचा आवाज लावला. "बरं. जाऊ दे. शेजारधर्म म्हणून ह्या बारीला तुला सोडून देतो."

हे जर ते बोलले नसते तर कदाचित गोष्ट तिथंच संपली असती. पण 'सोडून देतो' म्हटल्याबरोबर कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"सोडून द्यायला म्या काय तुमच्या मळ्यात घुसलेली गाय हाय व्हय? शब्द दिलाय म्या. पत्रा हलला, शेड उतरणार."

तिनं शिडी लावली, पाना घेतला आणि वर चढली. लोकांना आधी वाटलं, रागात आहे, दोन नट काढेल आणि उतरेल. पहिला पत्रा सुटून खाली आला तेव्हा बायका पुढं आल्या. "कडूबाई, असं काय करायलीस? आमचं दळण हाय ना आत! उद्या पोळ्या कशाच्या करायच्या?"

"सह्या करताना दळण याद नाय आलं?" ती वरून म्हणाली.

मग एकेक जण मुकाट्यानं पत्रे धरायला लागला. कोणी बोलावलं नव्हतं, पण पुढं आले. विशाखाला कोणीतरी फोन केला होता. ती सुट्टी मागून रिक्षानं आली, तर गिरणीच्या जागी चार खांब, अँगल आणि ताडपत्रीखाली चक्की. आईकडं बघून तिला समजलं की आता बोलण्यात अर्थ नाही. ती शिडी धरून उभी राहिली. दिवस मावळता मावळता बारावा पत्रा भिंतीशी टेकला. तेवढ्यात अप्पाराव फाइल घेऊन आले. अर्ज त्यांनी बाहेर काढला होता.

"हा मी फाडून टाकतो," ते हळू म्हणाले.

"फाडू नका. काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा."

अप्पारावांनी वाचलं, "सदर गिरणीची शेड धोकादायक असून ती पावसाळ्यापूर्वी हटवण्यात यावी."

"हटवली," कडूबाई म्हणाली. "अर्ज मंजूर झाला तुमचा. जेवा आता सुखानं."

त्या रात्री पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत कोणी सुखानं जेवलं असेल असं वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता पुन्हा शिडी वाजली. गल्ली पुन्हा कप घेऊन दारात. रामकिसन नव्या हुकांची पिशवी घेऊन स्वतः आला होता. कडूबाई अँगलवर बसली होती आणि पहिला पत्रा वर चढत होता.

अप्पाराव बनियनवरच धावत आले. "हे काय? उतरवली ना काल? शब्द दिला होतास ना तू?"

"व्हय. उतरवीन म्हणले होते, उतरवली. परत चढवणार नाय, असं म्या कवा म्हणले?"

कोणीतरी मोठ्यानं हसलं, मग सगळी गल्ली हसली. मंजुषा तर फाटकाला धरून हसली. अप्पारावांनी सगळीकडं बघितलं, आपल्या बाजूनं कोणी आहे का ते. नव्हतं.

"ह्या वेळी बाराच्या बारा आवळणार," कडूबाई म्हणाली. "तुमचे चौदा तिथंच ऱ्हाऊ द्या, मला ते नकोत. पण एक अडचण हाय. खालून हुक धरायला माणूस लागतो अन् माझी लेक कालच्या सुट्टीपायी आज लवकरच ड्यूटीवर गेली."

"मी येते, मावशी," मंजुषा म्हणाली.

"तू नको, तुझं बोट चिरलंय. अप्पाराव, तुम्ही या."

अप्पारावांनी आपल्या घराकडं बघितलं, गच्चीकडं बघितलं, मग बनियन खाली ओढलं. घरात जाता आलं असतं त्यांना, फाटक चार पावलांवर होतं. ते रस्ता ओलांडून आले, चप्पल बाहेर काढली आणि मान खाली घालून गिरणीत शिरले.

वर कडूबाईनं भोकातून हुक सोडला आणि वाट बघितली. खालून काहीच कळेना.

"धरला का?"

"धरला," खालून आवाज आला. "घट्ट धरलाय. आवळा."

तिनं वायसर घातला आणि नट आवळायला घेतला.